स्टँडर्ड हेराल्ड उभी करायची असेल, तर रंगाचा डबा सगळ्यांत शेवटी उघडा

जुनी स्पोर्ट्स कार स्वतःच्या हाताने उभी करायची हौस आहे, पण एमजी किंवा ट्रायम्फ घेण्याइतका खिसा खोल नाही, अशा माणसाने स्टँडर्ड हेराल्ड शोधावी. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली ही गाडी म्हणजे ब्रिटनची १९५९ ची ट्रायम्फ हेराल्ड. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने काढलं. १९६२ साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन-सीटर स्पोर्ट्स कार हेराल्डचीच चेसिस आखूड करून बनवली होती. पुढचं सस्पेन्शन, रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग, मागचा आडवा पाटा (लीफ स्प्रिंग), पुढच्या बाजूला अख्खं उलटणारं बॉनेट, सगळं एकाच घराण्यातलं. स्पिटफायरला ११४७ सीसीचं इंजिन आणि दोन कार्बोरेटर मिळाले, आपली हेराल्ड ९४८ सीसीवरच राहिली. त्यामुळे वेग बेताचाच. पण शिकायला याहून सोयीची गाडी नाही. बॉनेट उलटलं की पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं, आणि वळताना ती रिक्षाशी बरोबरी करते.

खानदेशात अशी गाडी हाती लागली, तर ती बहुधा जिनिंगच्या आवारात, वाड्याच्या मागच्या पडवीत किंवा शेतातल्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली असते. इथली हवा कोरडी. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेल्या गाडीसारखा पत्रा पापडासारखा होत नाही. पण आपल्याकडची काळी माती वेगळा घोळ घालते. चेसिसच्या आडव्या हातांत आणि चाकांच्या वर ती चिकटून बसते, पावसाळ्यात पाणी धरते आणि दिवाळीपर्यंत सोडत नाही. वरून चांगली दिसणारी गाडी खालून सडलेली असते ती यामुळे. म्हणून बघायला जाताना हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि अंथरायला गोणपाट घ्या. चांगले कपडे घरी ठेवा.

आधी आरसी, मग रुपये

आरसी बुक नसलेली गाडी म्हणजे सुट्या भागांचा ढीग, तेवढीच किंमत द्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बुकाशी ताडून बघा. इंजिन बदललेलं सापडणं नवल नाही, पण त्याची नोंद झालेली हवी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. मात्र या नोंदणीवर रोजच्या वापराला आणि धंद्याला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. दर रविवारी कुटुंबाला घेऊन पद्मालयाला जायचं असेल, तर नेहमीची नोंदणी जिवंत ठेवून तिचं नूतनीकरण करणंच बरं. चेसिसचं नुसतं नाव ठेवून नवीन चेसिस बनवली किंवा मूळ रूपच बदललं, तर ‘व्हिंटेज’चा दावा लंगडा पडतो, हेही वेल्डिंगला बसण्याआधी ध्यानात असू द्या.

चेसिस: काय ठोकायचं, काय कापायचं नाही

हेराल्डला वेगळी चेसिस आहे, बॉडी तिच्यावर बोल्टने बसते. मधे दोन मुख्य नळ्या, त्यांच्यापासून बाजूला निघालेले हात आणि त्या हातांना जोडणाऱ्या कडेच्या पट्ट्या. दाराखालचा पत्रा नुसता झाकायला आहे, वजन तो घेत नाही. स्पिटफायरला कडेच्या पट्ट्या नाहीत, तिथे दाराखालचा पत्राच जोर घेतो. इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक स्पिटफायरचे असतात, वाचताना हा फरक विसरू नका.

हातोडीने मुख्य नळी ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे स्क्रूड्रायव्हर रेटा. हात मुख्य नळीला मिळतात तो सांधा, डिफरन्शियलच्या आजूबाजूचा भाग आणि डिकीखालचे मागचे हात ही हमखास सडण्याची ठिकाणं. मागच्या चाकाचा रेडियस आर्म (चाकाला पुढे-मागे सरकू न देणारा दांडा) बॉडीच्या ज्या कंसाला लागतो, तो मागच्या सीटखाली असतो. तिथे कार्पेट उचलून हात घालून बघा. तो कंस सैल असेल तर गाडी मागून स्वतःच स्टिअरिंग करते. बॅटरी बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या आडव्या पत्र्यावर) बसते, तिच्या तबकडीखाली ॲसिडने खाल्लेलं भोक असतंच, आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली ब्रेक ऑइलने सोललेला रंग.

हात बदलायचे असतील तर एका वेळी एकच. दोन्ही बाजू एकदम कापल्या की चेसिस कुठे सरकली ते कळायलाही काही उरत नाही. कापण्याआधी चारही चाकांच्या ठिकाणी चेसिस लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) सपाट बसवा, पाण्याच्या पातळीच्या नळीने उंची जुळवा, पुढच्या उजव्या बोल्टपासून मागच्या डाव्या बोल्टपर्यंत आणि उलट दिशेने असे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. दोन कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर गाडी कधीतरी आपटलेली आहे. ते आधी सरळ करा. नवीन हात दीड ते दोन मिमीच्या पत्र्यातून वाकवून घ्या. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत पत्रा वाकवणारं मशीन आणि सीओटू वेल्डिंग दोन्ही मिळतं. गॅस वेल्डिंग चेसिसला नको, उष्णता पसरते आणि नळी वाकते. वेल्डिंग सलग मारू नका. इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मधे गार होऊ द्या. प्रत्येक वेळी दार लावून बघा. दाराची फट वरून खालपर्यंत सारखी राहिली, तर चेसिस सरळ आहे.

दोन दारांच्या हेराल्डची बॉडी बल्कहेड आणि मागचा टब अशा दोन तुकड्यांत निघते, छतही बोल्टनेच बसवलेलं असतं. उचलताना प्रत्येक बोल्टखाली किती पातळ वॉशर होते ते लिहून त्याच बोल्टला बांधून ठेवा. तेच वॉशर दारांच्या फटी ठरवतात. नंतर अंदाजाने लावायला बसलात तर आठवडा जाईल. छत काढून ‘कन्व्हर्टिबल’ म्हणून विकायला काढलेल्या गाड्यांपासून मात्र दूर राहा. मागच्या खांबांना आधार न देता छत काढलं की दारं खडखडतात आणि कुलपं बसत नाहीत.

चेसिसला सँडब्लास्टिंग चालतं. बॉनेटला, दारांना अजिबात करू नका. पातळ पत्रा तापून लाटा येतात आणि त्या कुठल्याही लांबीने (पुट्टीने) झाकत नाहीत. तिथे पेंट रिमूव्हर, तारेचा ब्रश आणि धीर. ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर मारा. नळ्यांच्या आतून पातळ मेण किंवा गंजरोधक तेल फवारा, पाणी निघायची भोकं बुजवू नका.

ट्रनियन, म्हणजे पुढचं चाक मोडून पडू नये म्हणून

या गाडीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पुढच्या चाकाला धरणाऱ्या उभ्या लिंकच्या खालच्या टोकाला आटे आहेत. हे आटे पितळी ट्रनियनमध्ये फिरतात, स्टिअरिंग वळवलं की चाक त्या आट्यांवर वळतं. या जागेत ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं, ग्रीस नव्हे. कुणीतरी कधीतरी तिथे ग्रीसचं निपल बघतो आणि ट्रॅक्टरसारखी ग्रीसगन लावतो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वरच घट्ट बसतं आणि खाली पाणी अडकतं. लिंक आतून गंजते, आटे करवतीसारखे होतात आणि एक दिवस लिंक सगळ्यांत खालच्या आट्याजवळ तुटते. चाक आत दुमडतं. हे बहुतेक वेळा हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवताना होतं, पण हायवेवर झालं तर काय, याचा विचार न केलेला बरा.

तपासणी अशी. पुढचं चाक जॅकने उचला, घोडीवर टेकवा. चाक वर-खाली धरून हलवा. हालचाल जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर तो बेअरिंगचा. राहिला तर ट्रनियनचा किंवा वरच्या बॉल जॉइंटचा. ढिलेपणा असो नसो, वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा ट्रनियन उघडून बघाच.

चाक, ड्रम आणि पुढची स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरची जोडी काढा. ही जोडी एकसंधच खाली येते, स्प्रिंग वेगळी करायची नसेल तर दाबयंत्र लागत नाही. ट्रनियनचा आडवा बोल्ट हमखास आतल्या स्टीलच्या नळीत गंजून अडकलेला असतो. हातोडा मारून बोल्टचं टोक फुगवू नका. डिझेल किंवा भेदक तेल दोन दिवस मुरू द्या, मग नट टोकापर्यंत फिरवून त्यावर पितळी दांड्याने ठोका. नाहीच निघाला तर करवतीने कापा, बोल्ट स्वस्त आहे.

ट्रनियन लिंकवरून फिरवून काढा. डावा आणि उजवा वेगळे आहेत, एकाचे आटे उलटे. रॉकेल आणि ब्रशने लिंक लख्ख करा. आट्यांच्या मुळाशी खड्डे दिसले किंवा कडा धारदार झाल्या असतील तर लिंक फेकून द्या. दिसायला चांगली असली तरी भेग तपासायचा लाल रंगाचा स्प्रे मारा, तो पुसा आणि त्यावर पांढऱ्या पावडरचा मारा. बॉयलर आणि टाक्यांचं वेल्डिंग करणाऱ्यांकडे तो असतो. पांढऱ्यावर बारीकशी लाल रेघ उमटली की निर्णय झाला. लिंकला वेल्डिंग करून नवीन आटे पाडायचा सल्ला कुणी दिला तर हसून चहा पाजा आणि परत पाठवा.

लिंक आणि ट्रनियन इंग्लंडमधल्या कॅनली क्लासिक्स किंवा रिमर ब्रदर्सकडे मिळतात. कस्टम आणि टपालखर्च धरून हिशोब करा आणि एकदाच मागवा: दोन्ही ट्रनियन, नायलॉनचे बुश, रबरी सील, आडवे बोल्ट आणि गरज असेल तर लिंक. बसवताना ट्रनियन पूर्ण आत फिरवा, मग जास्तीत जास्त एक फेरा मागे घ्या, म्हणजे स्टिअरिंग दोन्ही टोकांना न अडकता वळेल. खालचा टोपीसारखा पत्रा गळका असेल तर तेल टिकत नाही, झाळून घ्या. ग्रीसगन रिकामी करून धुवा आणि त्यात ९० नंबरचं तेल भरा. वरच्या सीलमधून तेल डोकावेपर्यंत दाबा. पुढे पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा हे काम ठरलेलंच. विशबोनच्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी हातांच्या) रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर टेकवल्यावरच पूर्ण कसा. हवेत कसले तर रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

पाने

हेराल्डचे नटबोल्ट इंचाचे आहेत. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिमी: ११ चा पाना जात नाही, १२ चा घसरतो. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि १३ चा पाना तिथे ‘चालतो’ म्हणत डोकं गोल करतो. ९/१६ ला १४ जात नाही, १५ सैल. जुन्या मिस्त्रीकडे सुताचे पाने असतात, ४ सूत म्हणजे अर्धा इंच. ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ एवढे रिंग पाने घेतले तरी ऐंशी टक्के काम होतं. भंगार बाजारात जुने इंची पाने मिळतात, ते नव्या स्वस्त सेटपेक्षा बरे.

मागचा हब आणि आडवा पाटा

मागच्या हबला ग्रीस घालायला मागे एक प्लग असतो. तिथे निपल लावून थोडंसंच ग्रीस द्या. जास्त दाबलं की ते सील फोडून थेट ब्रेक लायनरवर येतं.

बेअरिंग बदलायचं असेल तर हब काढावा लागतो. हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसलेला असतो आणि पन्नास-साठ वर्षं तिथेच असतो. साधा तीन पायांचा पुलर लावला तर हबची तबकडी वाकते, हातोडा लावला तर शाफ्टचं टोक. लेथवाल्याकडून २० मिमी जाडीच्या प्लेटचा पुलर बनवून घ्या: चाकाच्या चारही स्टडवर बसेल असा आणि मधे जाड बारीक आट्यांचा बोल्ट. स्टडचं अंतर ड्रमवरूनच मोजून द्या. शाफ्टचा नट काढू नका, दोन फेरे सैल करून तसाच ठेवा. पुलर कसा, मग मधल्या बोल्टच्या डोक्यावर एकच जोराचा घाव. नाही सुटला तर ताण तसाच ठेवून रात्रभर सोडा. सकाळी तो आपोआप सुटलेला सापडतो, म्हणूनच तो नट. नट नसता तर हब समोरच्या भिंतीवर गेला असता.

आडवा पाटा डिफरन्शियलच्या डोक्यावर बसलेला आहे आणि ताणात असतो. दोन्ही बाजूंना उभ्या लिंकखाली जॅक लावून वजन त्याच्यावर घेतल्याशिवाय शॉकॲब्सॉर्बर सोडू नका. शॉकॲब्सॉर्बरच चाकाला खाली जाण्यापासून अडवतो. पाट्यांमधला गंज काढून मधे ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. बसलेला पाटा पाटेवाल्याकडून पुन्हा वाकवून घेताना मूळ उंचीपेक्षा जास्त कमान करून घेऊ नका. या गाडीची मागची चाकं अक्षाच्या टोकाला झुलतात. मागची बाजू उंच राहिली आणि वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला की बाहेरचं मागचं चाक खाली दुमडतं आणि गाडी फिरते. कन्नडच्या किंवा तोरणमाळच्या घाटात उतरताना वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात पाय स्थिर. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा ३-४ पीएसआय हवा जास्त ठेवा. स्टँडर्डने पुढे हेराल्डनंतरच्या गॅझेल या गाडीला मात्र सरळ अखंड ॲक्सल दिला. टायरला मूळ ५.२०-१३ ऐवजी १४५/८० आर १३ रेडियल चालतात. जुन्या वॅगनआरला तेच होते, त्यामुळे शोधाशोध नाही.

ब्रेक

चारही ड्रम, एकच सर्किट. म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. इथे काटकसर करायची नाही. लवचीक रबरी नळ्या चारही नव्या घ्या, कशाही दिसोत. जुनी रबरी नळी आतून फुगते: पेडल दाबल्यावर तेल जातं, सोडल्यावर परत येत नाही आणि चाक धरून राहतं. लोक सिलिंडर बदलत बसतात. स्टीलच्या नळ्या ३/१६ इंचाच्या आहेत, तांबं-निकेल मिश्रधातूच्या नळीने बदला, साधं तांबं नको. ते कंपनाने कडक होऊन तडकतं.

व्हील सिलिंडरच्या बोरमध्ये नख अडकेल एवढा खड्डा असेल तर वाशर किट टाकून पैसे वाया घालवू नका. लेथवर बोर मोठा करून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मूळ मापाला होन करून घ्या. बोर व्हर्निअरने मोजा, रबर इंची मापाचं मागा. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि पुण्यात नाना पेठेच्या जुन्या दुकानांत माप सांगितलं तर मिळतं, गाडीचं नाव सांगितलं तर दुकानदार मान हलवतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ड्रम कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बांधून टाका. नवीन लायनर चिकटवून किंवा रिव्हेटने बसवणारे कारागीर ट्रक लाइनला असतात. ड्रमचा टर्न घेताना फक्त खरवड निघेल एवढाच घ्यायला सांगा.

तेल डॉट ४, नवीन सीलबंद डबा. हवा काढायला सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण मास्टर सिलिंडर उजवीकडे पुढे आहे आणि ते चाक सगळ्यांत लांब. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तरीही पेडल स्पंजसारखं वाटलं तर आधी शूजचे ॲडजस्टर पूर्ण कसून बघा. पेडल वर आलं तर हवा नाही, शूज लांब होते.

इंजिन: आधी मोजा, मग उघडा

९४८ सीसी, ६३ मिमी बोर, ७६ मिमी स्ट्रोक, तीन मेन बेअरिंग. हेच इंजिन स्टँडर्ड टेनमध्ये होतं, त्यामुळे पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट शोधताना दोन्ही नावं सांगा.

जाम असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) तेलाचं मिश्रण दोन-दोन चमचे घाला, आठवडाभर ठेवा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने पुढे-मागे रेटा. सुटलं की लगेच फिरवत सुटू नका. टॅपेट कव्हर काढून झडपा वर-खाली होतात का ते बघा. अडकलेली झडप पुशरॉड वाकवते.

उघडण्याआधीची सगळ्यांत महत्त्वाची तपासणी क्रँकच्या थ्रस्ट वॉशरची. मागच्या मेन बेअरिंगला अर्धचंद्राकृती वॉशर असतात, ते झिजले की क्रँक पुढे-मागे सरकतो. क्लच दाबायला कुणाला तरी बसवा आणि पुढची पुली बघत राहा. डोळ्यांना सरकताना दिसली तर झीज जास्त आहे. डायल गेजने ०.१ ते ०.२ मिमी भरली तर बरं, ०.३ च्या पुढे गेली तर सम्प (इंजिनखालचं तेलाचं तबक) उतरवा. वॉशर पूर्ण झिजून सम्पमध्ये पडला की क्रँक थेट ब्लॉकला खातो आणि ब्लॉक भंगारात जातो. सम्प काढून मागची बेअरिंग कॅप सैल करून हे वॉशर इंजिन न उतरवता बदलता येतात. खाचा असलेली बाजू क्रँककडे, उलट लावले तर पुन्हा तेच काम. सम्पच्या पुढच्या टोकाला ॲल्युमिनियमचा एक आडवा तुकडा असतो. त्याचे आटे नाजूक, टॉर्क न बघता कसणाऱ्याच्या हाती ते निघून येतात.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं घ्या, आकड्यापेक्षा एकमेकांतला फरक महत्त्वाचा. १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर तेल घालून पुन्हा घ्या: वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर झडपा किंवा गॅस्केट.

रिबोर करायचं ठरलं तर पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोरिंगला देऊ नका. ‘वीस’ साईज (मूळ मापापेक्षा इंचाच्या वीस हजारांशाने मोठा) मिळेल म्हणून बोर केलं आणि पिस्टन ‘तीस’चेच मिळाले, हे नेहमीचं रडगाणं आहे. ट्रॅक्टरची इंजिनं करणारी बोरिंगची दुकानं धुळे, जळगाव, भुसावळ सगळीकडे आहेत, मशीन चांगलंच असतं. फक्त क्लिअरन्स पिस्टनवरून मोजून घ्यायला सांगा, ‘नेहमीएवढा’ नको. ब्लॉक तिथे असतानाच बाजूचे पत्र्याचे प्लग काढून पाण्याच्या मार्गातला गाळ खरवडा. बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलेलं असतं, चौथ्या सिलिंडरमागे त्याचा दगड झालेला असतो. मे महिन्यात ४४-४५ अंशांत गाडी तापते ती बऱ्याचदा रेडिएटरमुळे नाही, या दगडामुळे. पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच.

हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने, तीन टप्प्यांत, शेवटी साधारण ५८ ते ६२ न्यूटन-मीटर. टॅपेट थंड इंजिनला ०.२५ मिमी. कुठली झडप लावायची ते ‘नऊ’च्या हिशोबाने: आठवी पूर्ण उघडली की पहिली लावा, सातवी उघडली की दुसरी, बेरीज नेहमी नऊ. फायरिंग १-३-४-२, प्लगचा गॅप ०.६ मिमी, पॉइंटचा ०.४. नवीन कंडेन्सर विश्वासाचे नसतात, जुना चालत असेल तर जपून ठेवा. पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून, तेलाचं प्रेशर येईपर्यंत स्टार्टरने फिरवा. गरम इंजिनला २००० आरपीएमवर ४० ते ६० पीएसआय हवं.

पेट्रोल

ही गाडी शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. देशभर शिसं २००० साली गेलं. हौशी वापरात झडपा जिथे टेकतात त्या कडा (सीट) शिशाविना लगेच झिजत नाहीत, पण हेड उतरवलंच आहे तर एक्झॉस्टच्या झडपांना कडक सीट बसवून घ्या. जास्त त्रास आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा ते फुगवून मऊ करतं, टाकीत पाणी ओढतं आणि मिश्रण पातळ करतं. नळ्या व्हायटॉन या टिकाऊ रबराच्या अस्तराच्या किंवा इंजेक्शन गाड्यांच्या आर ९ दर्जाच्या घ्या, पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा, कार्बोरेटरचा मेन जेट एक-दोन नंबर मोठा. प्लग पांढरा पडत असेल तर मिश्रण पातळच आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करा.

टाकीतला गंज: २० लिटर गरम पाण्यात किराणा दुकानातलं १ किलो लिंबूसत्व, एक दिवस. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि लगेच आतून पातळ तेल फिरवा. तासभर जरी थांबलात तरी गंजाची नारिंगी पावडर परत येते. पेट्रोलची टाकी वेल्डिंगला कधीही देऊ नका, कितीही धुतली असली तरी. झाळणाऱ्याकडे द्या, तेही पाणी भरून.

वायरिंग

उंदरांनी खाल्लेली वायरिंग तुकड्यातुकड्याने जोडू नका, पूर्ण हार्नेस बदला. रंग ब्रिटिश पद्धतीचे: तपकिरी थेट बॅटरीचा, पांढरा इग्निशनचा, निळा हेडलाइटचा, लाल पार्किंगचा, काळा अर्थ. बॅटरी जोडण्याआधी कुठलं टोक चेसिसला आहे ते बघा, त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ सर्रास असे. डायनॅमो काढून मारुती ८०० चा आल्टरनेटर बसवायचा असेल तर आधी निगेटिव्ह अर्थ करा, कॉइलच्या तारा बदला. उलट जोडलात तर आल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात. मूळ वायरिंगमध्ये फ्यूजचं संरक्षण फारसं नाही. चार-सहा फ्यूजची पेटी घाला, कुणी ‘मूळ नाही’ म्हणून नाक मुरडलं तर मुरडू द्या.

आता रंग

गाडी स्वतःच्या ताकदीने शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावरच रंगाला घ्या. आधी रंगवली तर ट्रनियन काढताना, ब्रेक ऑइल सांडताना, बॉनेट शंभर वेळा उघडताना तो रंग जातोच. लांबी २ मिमीपेक्षा जाड नको, त्याहून खोल खळगा असेल तर पत्रा ठोकून सरळ करा. मे महिन्यात थिनर फवारताफवारता उडतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा उतरतो, जुलैत ओलाव्याने पांढुरका पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण तोच जिनिंगचा हंगाम आणि हवेत कापसाचे तंतू. शेड जिनिंगजवळ असेल तर पहाटे मशीन सुरू होण्याआधी रंगवा, जमीन ओली करून घ्या, आणि वाऱ्याची बाजू ताडपत्रीने बंद.

सीट, गालिचा, क्रोम हे सगळं गावातले कारागीर करतील. फक्त क्रोमला देण्याआधी बंपर सरळ करून घ्या, क्रोम झाल्यावर ठोकता येत नाही.